तुले कोनी सांगं?

आमच्या पिंपळनेरच्या घराच्या न्हाणीला छप्पर नव्हतं. तीन बाजूंनी पुरुषभर उंचीच्या विटांच्या भिंती, चौथ्या बाजूला गोणपाटाचा पडदा आणि वर आभाळ. घर भाड्याचं. घरमालकाचं म्हणणं असं की, पत्रा टाकला की न्हाणी कोंदते. आबा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि कुणाशी वाद घालायचा म्हटलं की त्यांना आधी तहान लागायची. त्यामुळे तो पत्रा कधी पडला नाही. पावसाळ्यात वरून एक अंघोळ व्हायची, बादलीतून दुसरी. उन्हाळ्यात पाणी चुलीवर ठेवायला नको. शेजारच्या निंबावरचे कावळे भिंतीवर येऊन बसत, त्यांनाही माझी माय हुसकून लावायची. "त्यासनी नजर वाईट ऱ्हास," म्हणायची. मी तिला मायच म्हणायचे, आणि घरात बोलणं अहिराणीच. शाळेत आणि पाहुण्यांसमोर तेवढी पुस्तकातली मराठी बाहेर निघायची, ठेवणीतल्या लुगड्यासारखी.

त्या न्हाणीत उन्हं चढली की मला बसायला लागायचं. धुळ्याच्या एका वैद्यांनी बावचीचं तेल दिलं होतं. ते अंगावरच्या डागांना लावायचं आणि तेवढा भाग उन्हात धरायचा. डाग पाठीवर, दोन्ही दंडांवर, एक कोपराच्या खाली मनगटाकडे सरकत चाललेला. म्हणजे कमरेपर्यंत उघडं होऊन, उकिडवं बसून, आभाळाकडे पाठ करून शिजत राहायचं. तेल चरचरायचं, कधीकधी फोड यायचे. मला कोड होतं. आज हा शब्द मी किती सहज लिहिला. आमच्या घरात तो उच्चारायची बंदी होती. माय नुसतं "ते" म्हणायची. "ते वाढनं का?" "तेले तेल लाय." ही बंदी इतकी कडक की, आबा रविवारच्या पेपरातलं शब्दकोडं सोडवत, त्यालासुद्धा आमच्यात "चौकोन" म्हणायचे. कुणी कोड्यात बोललं तर माय उठून आत जायची. आणि माझं नाव विमल. म्हणजे डाग नसलेली. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा म्हणतात ते याहून निराळं काय असणार.

पहिला डाग मला आवडला होता, हे कुणाला सांगून पटत नाही. गुडघ्याच्या मागे होता, करंजीच्या आकाराचा. मी लहान होते, मान वळवून वळवून बघायचे. मग एक दिवस न्हाऊ घालताना मायला तो दिसला. तिचा चेहरा बदलला. घरात मयताची तार यावी तसा. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग डागाकडे, आणि तेव्हापासून तो मला आवडेनासा झाला. पुढे ते पसरत गेलं तशा माझ्या बाह्या लांबत गेल्या. मायचा बेत सरळ होता. कुणाला कळू द्यायचं नाही, वयात आले की लग्न उरकायचं, एकदा कुंकू लागलं की पुढचं देवावर. तिच्या माहेरच्या गावात अशीच एक लेक खपवली होती आणि सणाला आणायला गेलेल्या भावासोबत सासरच्यांनी तिला कायमची पाठवून दिली होती. ती बाई पुढे बापाच्या ओसरीवर धान्य निवडत म्हातारी झाली. मायला वाटायचं, त्यांचं चुकलं ते नीट लपवण्यात. मला वाटायचं, मीही अशीच परत येणार. दर वेळी ब्लाउजची बाही ओढताना मला ती ओसरी दिसायची.

मी कधी कुरकुर केली की माय पार्वतीची गोष्ट काढायची. पार्वतीनं अंगाच्या मळाचा पोरगा केला, तो का? तर न्हाताना दाराशी बसवायला. प्रत्यक्ष देवाची बायको, नवराच येणार, तरी तिला आडोसा लागला, मग आपण कोण? मी एकदा विचारलं, पण त्यात पोराचं डोकं गेलं त्याचं काय? माय म्हणाली, "दुसरं भेटनं ना?"

चैत्र सरला की गल्लीत बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, दिवस सुरू व्हायचे. ज्वारीचं पीठ रटरट शिजतंय, घराघरांतून तिळाचा आणि लसणाचा वास येतोय, घरांच्या मातीच्या धाब्यांवर धोतरं पसरलेली, आणि बायका बाह्या खांद्यापर्यंत सारून ओल्या हातांनी बिबडे थापताहेत. सगळ्यांचे दंड उघडे, पिठाने माखलेले. आणि मी मनगटापर्यंत बाह्या ओढून बाजूला बसून राखणीची काठी धरलेली. सिंधूकाकू, आमची शेजारीण, माझी थट्टा करायची, "इमलबाई कलेक्टरीन शे, तिले हात भरावाना नही." मी हसायचे. काखेत घामाने कापड चिकटलेलं असायचं आणि रडू यायचं, पण मी हसायचे.

हे ब्लाउज शिवायची रूथमावशी. समोरच्या खोलीत तिचं मशीन होतं. जमातीने कोकणी आदिवासी, आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती, नवरा वारलेला. दात मिश्रीने काळे आणि बोलणं मशीनपेक्षा जोरात. शिवण मात्र यथातथाच. काखेतला मुंढा तिला कधी म्हणजे कधी बरोबर कापता आला नाही. तिचा ब्लाउज घातला की हात वर करायचा तर श्वास सोडायला लागायचा. पण ती मापं घ्यायला अंग बघायची आणि बाहेर बोलायची नाही, म्हणून मायला दुसरी शिंपीण चालत नव्हती. मायने तिला देवीच्या तसबिरीसमोर शपथ घ्यायला लावली तर ती म्हणाली, तुझ्या देवीची घेते, माझ्या देवाची पण घेते, दोन्हीकडून पक्की शिवण.

एक दिवस मी तिच्याकडे बटणं लावून घ्यायला बसले होते. मशीन बंद होतं, वादी तुटली होती. मला विचारायचं काही नव्हतं, मी नुसतं म्हटलं की, मावशी, न्हाणीत उघडं बसले की वरून देव बघत असेल, मला लाज वाटते. तिने तोंडातली सुई काढली आणि तिच्याकडची सृष्टीची गोष्ट सांगायला घेतली. देवाने मातीचा माणूस केला, मग बाई केली. दोघं बागेत राहायचे. "आंगवर चिंधी नही," ती म्हणाली, "पन लाज बी नही. मंग खाऊ नका म्हने ते फळ खादं अन् बठ्ठं बिघडनं." सायंकाळी देव फिरायला आला तर दोघं झाडाआड लपलेली. "देव इचारस, काबरं रे दपना? तो म्हनस, मी नागडा शे म्हनीसन दपनू. मंग देव इचारस, तुले कोनी सांगं, तू नागडा शे म्हनीसन?"

"देवले म्हाईत नव्हतं?" मी विचारलं.

"म्हाईत कसं नही? बठ्ठं म्हाईत व्हतं. पन त्याले नाव आयकनं व्हतं. कोन बोलनं ते."

मग तिने उरलेलं सांगितलं. देवाने त्यांना बागेतून हाकललं, पण हाकलायच्या आधी चामड्याचे कपडे स्वतःच्या हाताने करून त्यांच्या अंगावर घातले. "पहिला शिंपी देव शे. तुना बापले सांग, मास्तर ते मांगून उनात," ती म्हणाली आणि स्वतःच खदाखदा हसली. घरी मायला मी ही गोष्ट सांगितली. तिने एवढंच विचारलं, "चामडाना?" आणि नाक मुरडलं.

पण माझ्या डोक्यातून तो प्रश्न जाईना. कोणी सांगितलं? मी शोधायला लागले. आरशाने? आरशात पाठ दिसत नाही. शाळेत कुणाला ठाऊकच नव्हतं. सिंधूकाकूला माहीत नव्हतं. देवाने विचारलं तर मी कुणाचं नाव घेणार होते? मला एकच चेहरा आठवायचा आणि मी घाईघाईने दुसरा विचार करायला घ्यायचे. त्याच सुमारास आबांच्या पोथीतला ब्रह्मदेव माझ्या हाती लागला. आबा चातुर्मासात जेवण झाल्यावर मोठ्याने पोथी वाचायचे आणि एका ठिकाणी त्यांना दर वर्षी खोकला यायचा, खोकला थांबेपर्यंत दोन पानं उलटलेली असायची. दुपारी घरात कुणी नसताना मी ती पानं वाचली. ब्रह्मदेवाने सृष्टी केली, त्याच्याच अंगातून त्याची मुलगी झाली आणि तिच्यावरच त्याचं मन गेलं. त्याच्या मुलांनी त्याला टोकलं, तेव्हा त्याला इतकी लाज वाटली की त्याने ते अंगच टाकून दिलं. त्या टाकलेल्या अंगाचं धुकं झालं. मायच्या आणि मावशीच्या गोष्टीत ज्याला घडवलं त्याला शिक्षा. इथे घडवणाराच लाजला होता. पण मला तेव्हा एवढा विचार कुठला. मला फक्त हेवा वाटला. थंडीत पांझरेवर सकाळी धुकं उतरायचं, ते बघून वाटायचं, आपलंही अंग असंच काढावं, नदीवर टाकून द्यावं आणि शाळेला जावं.

आज मी जळगावला पिंप्राळ्यात राहते. कोड सगळ्या अंगभर झालं, एक डागही उरला नाही, म्हणजे आता मीच एक डाग आहे. मागे एक नवी भाजीवाली म्हणाली, "आजी, तुम्ही किती गोऱ्या, फॉरेनच्या का?" मी तिला मेथीची एक जुडी जास्त द्यायला लावली. लोक आता चांगले वागतात असं नाही, पण मला फरक पडायचा थांबलाय. बसल्या बसल्या शब्दांचा विचार करायची सवय लागली आहे. आपल्या भाषेत नागवला म्हणजे लुटला. अंग उघडं असणं हा त्याचा गुन्हा नव्हे, त्याचं कुणीतरी काढून नेलंय. ज्याने हा शब्द पहिल्यांदा वापरला तो शहाणा असला पाहिजे.

तर मॅट्रिकच्या परीक्षेनंतर चाळीसगावचं स्थळ आलं. मुलगा एका शाळेत कारकून, आई लहानपणी गेलेली, आत्याने वाढवलेला. मायने रूथमावशीकडे नवा ब्लाउज शिवायला टाकला, मोरपंखी रंगाचा. बाह्या मनगटाच्याही पुढे, आणि वर सरकू नयेत म्हणून घट्ट मनगटपट्टी. रूथमावशीला वाटलं, लग्नाचं काम आहे, आपणही हौस करावी. तिने पट्टीला लेस लावली आणि मोत्यांच्या बटणांची ओळ. वैशाखातलं ऊन आणि मी मानेपासून बोटांपर्यंत बंद. हात वर करता येत नव्हताच.

ते दोघं दुपारच्या एस.टी.ने आले. ओसरीवर सतरंजी, आबांनी शाळेतून मागून आणलेल्या दोन खुर्च्या. आत स्टोव्ह फरफरत होता आणि माय तळलेले बिबडे आणि लाडू ताटात मांडत होती. आत्याबाई धिप्पाड, हसऱ्या, बोलायला मराठी एकदम साफ. मुलगा मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याशी खेळत होता. नाव विचारून झालं, स्वयंपाक येतो का विचारून झालं. मग आत्याबाईंची नजर माझ्या बाह्यांवर गेली. लेस त्यांनी दोन बोटांत धरून बघितली. "एकुलती एक ना? वाटलंच," त्या आबांना कौतुकाने म्हणाल्या. "हिचं कोड किती पुरवलंय तुम्ही, ते दिसतंच आहे."

माय नेमकी दारात होती. स्टोव्हच्या आवाजात तिच्या कानावर काय पडलं असेल ते मला तेव्हाच कळलं. हिचं कोड दिसतंच आहे. लाडकोडातलं कोड तिच्या घरात इतकी वर्षं शिरलंच नव्हतं, तिला एकच कोड माहीत होतं. ताट तिने खाली ठेवलं तेव्हा बिबडे सरकून जमिनीवर गेले.

"कोनी सांगं तुमले?" ती म्हणाली. परक्या बाईशी, अहिराणीत.

आत्याबाई गोंधळल्या. माय थांबेना. "थोडंसंच शे. जास्ती नही. औषध चालू शे, वैद्य म्हनस जाई. तोंडवर नही उनं, हातवर बी नही."

"काय थोडंसं, ताई?" आत्याबाईंनी विचारलं. त्या खरंच विचारत होत्या.

मायने माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. आपण काय केलं ते तिला आता कळत होतं. आबांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला. मला आठवतं, मला राग आला नाही. भीतीही वाटली नाही, ज्याची भीती होती ते होऊन गेलं होतं. मी मनगटपट्टीची बटणं सोडायला लागले. काजं घट्ट होती, एक बटण तुटून सतरंजीवर पडलं. बाही कोपरापर्यंत सारली आणि हात पुढे केला. "तुम्ही म्हणालात ते कोड वेगळं, आत्याबाई," मी म्हटलं. "मायला हे वाटलं. दंडावर आहे, पाठीवर पण आहे." ते सांगताना माझा आवाज कापला नाही याचं मला अजून नवल वाटतं.

मुलाने पहिल्यांदा मान वर केली, हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दुखतं का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तेलाने चरचरतं फक्त."

त्याला आणखी काही विचारायचं होतं असं मला वाटलं. पण आत्याबाई उठल्या. रागावल्या नव्हत्या, उलट त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीची वेळ झाली म्हणाल्या. पुढची गाडी बऱ्याच वेळाने होती हे आबांना आणि मला दोघांनाही माहीत होतं.

ते गेल्यावर माय स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. पदर डोक्यावरून चेहऱ्यावर ओढून घेतला. "जळो मन्ही जीभ," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मीच सांगं. मन्हा तोंडे मीच सांगं." मी तिच्याकडे बघत उभी होते आणि मला जाणवलं, आज या घरात उघडी पडलीय ती माय. माझा हात उघडा होता, पण अंग झाकायला जागा शोधत होती ती. इतकी वर्षं मला वाटायचं, ती माझी लाज झाकते आहे. ती स्वतःचीच झाकत होती, अशी लेक आपल्या पोटी आली याची. मला तिची दया आली. आणि राग तेव्हा आला, मागाहून, दयेच्या पाठोपाठ. दोन्ही एकत्र असू शकतात हे मला त्या दिवशी कळलं.

दिवेलागणीला सिंधूकाकू वाटी घेऊन विरजण मागायला आली. विरजण तिच्याकडे होतं, सकाळीच मी बघितलं होतं. "काय ठरनं मंग?" तिने मायला विचारलं. मायने पदर सोडला नाही. तिची पाठ ताठ झालेली मला दिसली. काकूला खरं सांगितलं तर सकाळपर्यंत गल्लीभर होणार होतं की, बाईने पोरीचं ते लपवलं आणि स्वतःच्याच तोंडाने ओकली.

"माले पोऱ्या पसंत नही," मी म्हटलं. "मीच नही म्हंतं."

काकूच्या हातातली वाटी तशीच राहिली. मुलीने मुलगा नाकारायचा, तोही चाळीसगावचा, नोकरीवाला. ती आबांकडे वळली. आबांना खोकला आला. खोकून झाल्यावर म्हणाले, "हो, तिचंच मत तसं पडलं."

आठवड्यात गावभर मी शिरजोर ठरले. मास्तरांनी पोरीला डोक्यावर बसवलंय म्हणाले. पुढे बराच काळ आमच्याकडे स्थळ फिरकलं नाही. मायबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही, उलट बायका तिच्याशी हळहळून बोलायच्या. रूथमावशीने मात्र तुटलेलं बटण लावून देताना मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि शिलाई घेतली नाही.

पण हे सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी न्हाणीत जाऊन बसले. माय तेल घेऊन आली. रोज ती काडीला कापसाचा बोळा गुंडाळून तेल लावायची, लांबून, डागाला बोट लागू न देता. चिटकतं असं तिला वाटायचं की बघवायचं नाही, मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिने काडी आणली नव्हती. तेल तळहातावर ओतलं आणि पाठीला हात लावला. हात थंड होता. ती सगळ्या डागांवरून सावकाश हात फिरवत राहिली, जिथे तेलाची गरज नव्हती तिथेही.

मग ती म्हणाली, "पोऱ्या चांगला व्हता पन."

"हा," मी म्हटलं, "चांगलाच व्हता." आणि मग मी मोठ्याने रडले, तिच्यासमोर, आणि भिंतीपलीकडे आवाज जाईल असं ती एकदाही म्हणाली नाही.